पाळकसाहेबांचं नूतनीकरण

हेस्की पांगेमानान आमच्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक म्हणून आला, तो गाडीतून उतरायच्या आधीच हसत होता. कोण भेटणार, काय बोलायचं, कशाचा पत्ता नाही, हसू मात्र तयार. मी उभा जन्म गावच्या शाळेत पोरं हाकली आहेत. वर्गात शिरतानाच हसणारा मास्तर धडा वाचून आलेला नसतो, एवढं मला कळतं.

आमचं गाव तोंदानो तलावाच्या वर, लवंगांच्या मळ्यांत. जुने पाळक थकून घरी बसले, तोवर मंडळी ओसरत चालली होती. पोरं शहरात, मनादोला गेली, बितुंगच्या मासळीच्या कारखान्यांत गेली, दोघं-तिघं जपानला. रविवारी देवळात पांढरी डोकी तेवढी दिसायची. मग मंडळीच्या पंचांना जाग आली. त्यांनी वर अर्ज केला, आम्हाला तरुण, तडफदार, बदल घडवणारा पाळक द्या. मागितलं तसंच मिळालं.

पंचांचा म्होरक्या वेम्पी लुमोवा. लवंगांचा व्यापारी. आठवडाभर लोकांच्या लवंगा पडत्या भावात उचलायच्या आणि रविवारी पहिल्या बाकावर डोळे मिटून बसायचं, हा त्याचा धर्म. त्याला बदल हवा होता तो एवढ्याचसाठी की खालच्या गावच्या देवळात ड्रम आले होते आणि आमच्याकडे नव्हते.

हेस्कीचे वडील मिनीबस चालवायचे. पोराचा गळा गोड, म्हणून आईनं त्याला पाळक व्हायला धाडलं, हे त्यानंच मला माझ्या ओसरीवर बसून अभिमानानं सांगितलं. गोड गळ्यावरच सगळं असतं, तर आमच्या गावचे निम्मे दारुडे पाळक व्हायला हवे होते. पण तो माझा चहा पीत होता, म्हणून गप्प बसले.

पहिल्याच महिन्यात फाटकावर कापडी फलक लागला: ‘नूतनीकरणाचं वर्ष’. मग समित्या. प्रार्थनेची समिती, तरुणांची समिती, पाहुण्यांच्या स्वागताची समिती. आणि पाहुणा तर एक नाही. प्रत्येक समितीला नारिंगी सदरे. रताळ्यासारखी पोटं सुटलेले बापये त्या सदऱ्यांत शिरून गावभर फिरू लागले आणि भेटेल त्याला ‘आता आपण बदलतोय हां’ असं सांगू लागले. त्यानंतर ड्रम आले. आणि शेवटी बाकं गेली.

बाकांचं मात्र गावाला लागलं. कुणाची आजी कुठे बसायची, तिथेच नात बसायची. लिंचे सुमुआल तिसऱ्या बाकावर, खिडकीकडेला. लग्न होऊन आली त्या रविवारपासून तीच जागा. नवरा गेला, मुलगी सुराबायाला नोकरीला गेली, लिंचे तिथेच. आता बाकांच्या जागी प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, अर्धगोलात मांडलेल्या.

ती दारात काठी टेकून उभी राहिली. मी शेजारी होते.

“पाळकसाहेब, मी कुठे बसू?”

“ओमा, कुठेही बसा! देवाच्या घरात राखीव जागा नसतात. सगळी जागा तुमचीच!”

“सगळी माझी म्हणजे एकही माझी नाही, बाळा,” लिंचे म्हणाली.

तो हसला. त्याला वाटलं आजीबाई गंमत करतात.

ती दाराजवळच्या खुर्चीत बसू लागली. ड्रमचे ठोके छातीत आदळतात म्हणायची, म्हणून एखादा रविवार चुकवायची. ती आली-नाही आली कुणाच्या ध्यानात येणार? पूर्वी बाकावर खाच पडल्यासारखी तिची उणीव दिसली असती. आता कोण कुठे बसलंय याचा मेळच नव्हता.

मग आला नूतनीकरणाचा महोत्सव. मी त्या आठवड्यात बहिणीकडे लांगोवानला होते; ते सोंग बघायला मुद्दाम थांबणाऱ्यांतली मी नाही. खालच्या गावाला आवताण गेलं होतं, वेम्पीनं दोन डुकरं दिली होती, ड्रम तर आख्ख्या डोंगराला ऐकू गेले म्हणे. लिंचेचं घर देवळाला लागूनच, मधे फक्त जास्वंदीचं कुंपण.

मंगळवारी देचे तिच्याकडे उसनं नेलेलं पातेलं द्यायला गेली. देचे म्हणजे नाक्यावर केळी तळून विकते ती. लिंचे चुलीपाशी पडली होती. अंगावर देवळात जायचा काळा झगा, केसांत फणी, गीतपुस्तक बाजूला पडलेलं. रविवारी सकाळी निघता निघताच गेली होती. कुंपणापलीकडे आख्खी मंडळी नूतन होत होती, तेव्हा ती तिथे पडून होती.

मातीला सगळं गाव लोटलं. मांडव उभा राहिला, मासे आले, भात आला. आमच्याकडे मेलेल्या माणसाचं फार कौतुक असतं. सुराबायाहून मुलगी आली. वेम्पीनं भाषण ठोकलं, ओमा लिंचे या मंडळीचा आधारस्तंभ होत्या वगैरे. मुलगी उभी राहिली.

“रविवारी आई आली नाही, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही?”

“बाळ, त्या दिवशी गर्दीच एवढी होती...” वेम्पी म्हणाला.

“गर्दी होती म्हणून सांगताय मला?”

हेस्कीच्या हातात माइक होता, दुसऱ्या हातात लिहून आणलेलं प्रवचन. तो कागद त्यानं घडी करून खिशात घातला. मग म्हणाला, “मी वेदीवरून पाहिलं. सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. मला वाटलं, सगळे आलेत.” आणि खाली बसला. प्रवचन वाचलंच नाही. त्याच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं खरं वाक्य.

दोन दिवसांनी माझ्या दारात आला. डोळे सुजलेले. आख्ख्या गावाची मी तांते, म्हणजे मावशी; त्याचीही.

“तांते आल्चे, मी आत येऊ?”

“रडायचं असेल तर बायकोपाशी रडा. मला कांदे चिरायचेत.”

तो आत आला, सुरी घेतली आणि कांदे चिरायला बसला. वाईट चिरतो. म्हणाला, “उद्यापासून सकाळी एकट्या राहणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या दारी जाणार आहे.”

“फोटोवाला बरोबर आणणार का?”

“नाही, तांते.”

“मग समिती? तिचे सदरे कुठल्या रंगाचे?”

त्यानं पुढचा कांदा घेतला. मी म्हटलं, “पंधरवडा टिकलात तर सांगा. मी केळी घालीन तळायला.”

गेला खरा दुसऱ्या दिवशी. आणि काय ती शोभा! ओपा फ्रेत्सनं, म्हणजे फ्रेत्सआजोबानं, दार न उघडताच आतून ओरडून सांगितलं, “मेलो नाही अजून. चला पुढे!” एका म्हातारीनं विचारलं, वर्गणी मागायला आलात का? ओपा फ्रेत्सच्या कुत्र्यानं पोटरी धरली. कुणाच्या घरी लाकडं फोडायला गेला तर कुऱ्हाडीचा दांडाच मोडून बसला. दारादारात उभं राहून गाणं म्हणायचा, तेव्हा मी त्याला रस्त्यातच गाठलं. “त्यांना गाणं नको आहे, पाळकसाहेब. पाणी हवंय. झऱ्यावरून आणा.” ते मात्र त्यानं ऐकलं. खांद्यावर कॅन घेऊन चढण चढताना त्याला धाप लागायची ते बघून माझं मन तृप्त व्हायचं.

पण तो थांबला नाही. आणि गावाला हळूहळू दिसायला लागलं, जे रोज डोळ्यांसमोर होतं तेच. एक म्हातारी दिवसातून एकदाच जेवत होती, एकाला महिनाभर अंथरुणातून उठवलं नव्हतं कुणी. देचे शिळी केळी पाठवू लागली, मग ताजी. बायकांनी देवळाच्या मागच्या चुलीवर भोपळा आणि पाला घालून पेज शिजवायला घेतली.

वेम्पीचं पित्त खवळलं. पंचांच्या बैठकीत मीही होते. बायकांच्या संघाची म्हणून मला तिथे बसावंच लागतं.

“पाळकसाहेब, दारोदार हिंडायला तुम्ही काय मासळीवाले आहात? खालच्या गावात हसतात आपल्याला. मंडळी वाढवायला आणलंय तुम्हाला, म्हातारे सांभाळायला नाही!”

“मंडळी म्हणजे तेच लोक आहेत हो,” हेस्की म्हणाला. म्हणजे पुटपुटला. कपाळाला घाम. मला वाटलं, झालं, आता हा पाय धरणार.

निम्मे धरलेच. फलक राहील, पुढच्या वर्षी महोत्सव होईल, वेम्पीला हवा तसा देवळाचा मनोरा उंच करू, सगळ्याला मान डोलावली. फक्त एक मागितलं: प्रत्येक समितीनं आठवड्यात एक सकाळ दारं वाटून घ्यायची. पंच हो म्हणाले. फुकटातलं कलम वाटलं त्यांना. मला त्याची लाजच वाटली; पाठीचा कणा असा हप्त्या-हप्त्यानं दाखवतात का?

पण नारिंगी सदरेवाले दारांवर जाऊ लागले. आधी कंटाळून, मग पेजेच्या निमित्तानं, मग सवयीनं. ज्यांनी वर्षानुवर्षं देवळाचं तोंड पाहिलं नव्हतं, त्यांतलेही काही येऊ लागले. देवासाठी आले असं मी म्हणणार नाही. ओपा फ्रेत्स तर चक्क जेवायला येतो. पुढे वेम्पी लवंगा उतरवायच्या शिडीवरून पडला, मांडीचं हाड मोडलं. त्याच्या दारावर थाप पडली तेव्हा तो ओरडला, “मी म्हातारा नाही!”

“नाहीच,” देचे बाहेरून म्हणाली. “पण भूक लागलीय का?”

बायको मुलीच्या बाळंतपणाला गेलेली. त्यानं दार उघडलं.

मनोरा काही उंच झाला नाही; मोडक्या मांडीच्या माणसाचा उत्साह जमिनीवर येतो. बाकं परत आली, निम्मी. हेस्कीची बदली सांगिहेच्या बेटांवर झाली. निरोपाच्या दिवशी तो फार वेळ बोलला, तीन गाणी म्हणाला, एका ओळीत स्वतःच गहिवरला. मी मधेच उठून चुलीकडे गेले, कारण पेज करपत होती. जायच्या आधी तो तिथे आला.

“तांते, एकदा तरी मला चांगलं म्हणा.”

“कांदे आता बरे चिरता,” मी म्हटलं.

नवे पाळक आले तेव्हा त्यांना पंचांनी आधी दारं दाखवली, मग देऊळ. दर सकाळी कुणी ना कुणी जातं. एवढं टिकलं, हे मी मान्य करते. लिंचेच्या मुलीनं हेस्कीला माफ केलं म्हणतात. त्याला पत्र लिहिलं, भेटवस्तूही धाडली. तिची आई होती, तिचा हक्क आहे. लिंचे माझी मैत्रीण होती, साठ वर्षांपासूनची. मी अजून ठरवलेलं नाही.