बाबांची टाच

आधीच माफी मागतो. टाचदुखीवर लिहायला मी डॉक्टर नाही, आणि काहीही लिहायला मी लेखकही नाही. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही, त्यामुळे रजेचा अर्ज असो की रेशनचा फॉर्म, घरातलं सगळं लिहायचं काम माझ्याकडे येतं. माझं लिखाण तेवढंच. तरी लिहितो आहे, कारण सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवताना तोंड वाकडं करणारी माणसं मला आता जिकडेतिकडे दिसतात. आम्ही केलेल्या चुका त्यांनी करू नयेत असं वाटतं. कुठे जास्त बोललो असेन तर सांभाळून घ्या.

माझे वडील हिंगण्याच्या एका कारखान्यात लोखंड कापायचं लेथ मशीन चालवतात. आम्ही राहतो नंदनवनला, म्हणजे शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला. पहिली पाळी असली की बाबा अंधारातच चौकापर्यंत चालत जातात आणि कंपनीची बस पकडतात. मग आठ तास सिमेंटच्या फरशीवर उभं. बावीस वर्षं ते त्याच एका मशीनपुढे उभे आहेत. तिच्या आवाजावरून पट्टा ढिला झाला की पातं बोथट झालं हे त्यांना कळतं. घरी ते फार बोलत नाहीत, पण मशीनचा विषय निघाला की बोलतात.

कंपनी दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला कामगारांना जाड बूट देते, पुढे लोखंडी टोपी असलेले. मी कॉलेजात गेलो त्या वर्षी बाबा नवा जोड घेऊन आले आणि म्हणाले, "स्टोअरवाल्यानं चुकून नऊ नंबर देऊन टाकला. मले मोठा होते. तुले बसते का पाह्य." मला बसला. पुढच्या वर्षी पुन्हा चुकून नऊ नंबर आला. त्याच्या पुढच्या वर्षीही. कॉलेजातली मुलं मला विचारायची, "काय बे, शिफ्ट सुटली का?" मी हसायचो. गर्दीत कोणी पायावर पाय दिला तरी मला कळायचं नाही, याचं मला थोडं कौतुकच होतं.

बाबांची टाच दुखते हे मला आधी ऐकू आलं, मग दिसलं. आमचं घर दोन खोल्यांचं. मी पुढच्या खोलीत झोपतो आणि बाबा उठले की त्यांची पावलं ऐकतो. या पावसाळ्यात ती पावलं बदलली. एक पाय पूर्ण टेकायचा आणि दुसरा नुसता चवड्यावर. उठल्यावर बाबा पलंगाच्या काठावर बराच वेळ बसून राहायचे, जणू चप्पल शोधताहेत. चप्पल समोरच असायची.

आमच्या भागातल्या एका डॉक्टरांनी एक्स-रे काढायला लावला, तो खिडकीकडे धरला आणि टाचेखाली हाडाचं टोक वाढल्याचं दाखवलं. ऑपरेशन करावं लागेल म्हणाले. बाबा घरी येऊन एवढंच म्हणाले, "दोन महिने सुट्टी घेतली तं मशीनवर दुसरा उभा करतील. एकदा दुसऱ्याचा हात बसला का गेली."

त्याच महिन्यात कारखान्यातही लोकांना त्यांचं लंगडणं दिसलं. कंपनीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की दिवाळीनंतर पुन्हा बघू. तोवर चाल सुधारली नाही तर यांना बसून करायचं काम द्या. बसून करायचं काम म्हणजे गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद. हे सांगताना बाबांचा आवाज एरवीपेक्षा बारीक झाला होता. "बावीस वर्षं लोखंड कापलं," ते म्हणाले, "आन् आता ट्रकचे नंबर लिवू का मी?"

म्हणजे आमच्याकडे दिवाळीपर्यंतचा वेळ होता.

पहिला इलाज आईचा. तिने वीट तापवली, तिच्यावर रुईचं पान ठेवलं आणि बाबांना सांगितलं, टाच दाबा. बाबांनी दाबली. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी टाचेला फोड आला. दुसरा इलाज माझा. मोबाईलवर एक माणूस सांगत होता की दुखऱ्या जागेवर कडक दाब द्यावा. मी बाबांना दगडी गोट्यावर उभं केलं. संध्याकाळी त्यांना पाय टेकवेना. आई म्हणाली, "माह्या विटेले हसत होतं नं तू? आता तुह्या गोट्याले काय म्हनू?"

शेवटी मी त्यांना सरकारी दवाखान्याच्या फिजिओथेरपी विभागात घेऊन गेलो. खूप वेळ बसल्यावर नंबर आला. मॅडम माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी आधी शुगर आहे का विचारलं, पायाला मुंग्या येतात का, सूज किंवा ताप येतो का विचारलं. सगळ्याला नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "काकाजी, सकाळी पहिलं पाऊल टाकताना जीव जातो, मग थोडं चाललं की बरं वाटतं. हो ना?"

बाबा माझ्याकडे वळले. "तू सांगतलं का गा मॅडमले?"

"त्याने नाही सांगितलं. दिवसभर मी हेच ऐकते." असं म्हणून त्यांनी अंगठ्याने टाचेच्या आतल्या कडेला दाबलं. बाबांनी पाय असा ओढला की खुर्ची सरकली.

मॅडमनी समजावलं ते मला समजलं तसं लिहितो. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो. तासन् तास कडक जमिनीवर उभं राहून तो ताणला जातो आणि टाचेपाशी दुखतो. हाडाचं टोक एक्स-रेत दिसतं ते खरं, पण तसं टोक असूनही काही न दुखणारी माणसं भरपूर असतात. बहुतेकांचं दुखणं ऑपरेशनशिवाय जातं, मात्र आठवडे नाही, महिने लागतात आणि व्यायाम रोज करावा लागतो. "कंटाळा करायचा नाही," बाबांऐवजी त्या मला म्हणाल्या. बहुधा माझ्या हातात वही होती म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात पायाचं वेळापत्रक सुरू झालं. सकाळी उठल्यावर पाय जमिनीवर टेकवण्याआधीच अंथरुणात बसून दुपट्टा पायाच्या बोटांमागून अडकवायचा आणि दोन्ही टोकं स्वतःकडे ओढून तीस आकडे मोजायचे. असं तीनदा. हे उठल्यानंतर नाही, उठण्याआधी, आणि सगळा फरक तिथेच पडतो असं मला वाटतं. आम्ही पहिले चार दिवस चहा झाल्यावर करत होतो आणि उपयोग नाही म्हणून कुरकुरत होतो. मग भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, आणि पुढे झुकायचं. पोटरीला ताण बसला पाहिजे. संध्याकाळी कामावरून आल्यावर पाण्याची बाटली बर्फ करून, तिच्यावर पातळ फडकं गुंडाळून, तळव्याखाली दहा मिनिटं मागेपुढे फिरवायची.

ती बाटली आईच्या डोक्याला ताप झाली. आमच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा जेमतेम वीतभर. एका रविवारी मामा आले, घाम पुसत त्यांनी फ्रिज उघडला, बाटली काढून झाकण फिरवलं, आणि आई स्वयंपाकघरातून ओरडली, "ठेव, ठेव! ते पायाची हाये!" मामांनी बाटलीकडे पाहिलं, बाबांच्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मंग पायाले पाजा." अजूनही ते आमच्याकडे पाणी प्यायच्या आधी विचारतात, हे तोंडाचं आहे की पायाचं.

खरा वाद घरातल्या चपलेवरून झाला. मॅडमनी सांगितलं होतं की फरशीवर अनवाणी चालायचं नाही, घरातसुद्धा. मी सीताबर्डीच्या फूटपाथवरून मऊ तळाची चप्पल आणली. आई म्हणाली, "माह्या चुलीपाशी चपला फिरतील का आता?" बाबांनाही संकोच वाटत होता. शेवटी आईनेच तोड काढली. ही चप्पल दाराबाहेर जाणार नाही, आणि तिचा तळ रोज ती स्वतः पुसेल. संध्याकाळी बुद्धवंदनेला मात्र बाबा चप्पल काढून उभे राहतात. तेव्हा आई त्यांच्या पायाखाली चार घड्या घातलेली सतरंजी सरकवते.

महिनाभरात फरक दिसला. पण तो फरक विचित्र होता. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पावलं जवळजवळ सारखी ऐकू यायची. मग पाळी सुरू झाली की दोन दिवसांत पुन्हा तो चवडा. मी हे मॅडमना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांचे कामावरचे बूट घेऊन ये."

बाबांच्या सुट्टीच्या दिवशी मी बूट पिशवीत घालून नेले. मॅडमनी ते टेबलावर ठेवले. डावा बूट एका बाजूला कलला. त्यांनी आत हात घातला, तर आतली गादी टाचेच्या जागी पार झिजून खालचा कडक तळ लागत होता. "हे किती वर्षांचे आहेत?"

"कंपनी दरवर्षी नवीन देते," मी अभिमानाने सांगितलं.

"मग हे तीन-चार वर्षांपूर्वीचे आहेत. नवे कुठे आहेत?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि खाली बघितलं. नवे माझ्या पायात होते. मॅडमनीही खाली बघितलं. त्यांनी फक्त जुन्याचा तळ आणि गादी बदलून घ्यायला सांगितलं, आणि त्याबद्दल मला आजही त्यांचे आभार मानावेसे वाटतात.

घरी आलो तेव्हा बाबा झोपले होते. आई तांदूळ निवडत होती. मी तिला विचारलं, "स्टोअरवाला दरवर्षी चुकून नऊ नंबर देते का?"

आईने हात थांबवला नाही. "चुकून तीनदा होते का गा? कागदावर नंबर आपल्याच हातानं लिवा लागते."

बाबांचा नंबर आठ. तीन वर्षं ते त्या कागदावर नऊ लिहीत होते, माझा. आणि मी, घरातलं सगळं लिखाण करणारा माणूस, तो एकच कागद कधी बघितला नव्हता.

बाबा उठल्यावर मी माझ्या पायातले बूट काढून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांना ते बसणार नव्हतेच, तरी ठेवले.

"काहून ठेवले?" ते म्हणाले.

"यंदा आठ लिहा, बाबा."

"आन् तू?"

"मी कापडी बूट घेतो. लहान पोरांच्या शिकवण्या घेतो ना मी."

बाबांनी एक बूट उचलून त्याचा तळ बघितला. मग म्हणाले, "तुले कॉलेजात सोडाले आलो होतो नं पह्यल्या दिवशी. गेटवर सगळ्या पोट्ट्याईच्या पायात बूट. तू एकटा रबरी चपलेत. तुले काही वाटलं नाई. मले वाटलं." आणि लगेच आईकडे वळून, "वं, बाटली झाली का नाई बर्फ?"

पुढच्या दिवशी मी जुने बूट सीताबर्डीच्या एका चांभारकाकांकडे नेले. त्यांनी तळ समतल केला, टाचेखाली नवा रबर लावला आणि आत मऊ गादी बसवली. "हे बूट घालून मानूस उभा तरी कसा राहत होता?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आठ तास. ते मान हलवत राहिले.

त्यानंतर पावलं खरोखर बदलली. पाळीच्या दिवसांतही. दुपट्टा, भिंत, बाटली हे सगळं चालूच होतं. बाबा आता मला न सांगता करायचे, आणि जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातल्या दोघा-तिघांना भिंतीशी उभं करून शिकवायचे, असं कळलं. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी मी अंथरुणात पडून ऐकत होतो, आणि दुखरा पाय कोणता ते मला ओळखता आलं नाही. मी परत डोळे मिटले. इतकं छान मला परीक्षेच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

बुटांच्या कागदाचं मात्र मी दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा बाबा म्हणाले, "पाहतो." आमच्याकडे पाहतो म्हणजे काहीही असू शकतं.

कंपनीच्या डॉक्टरांची तपासणी दिवाळीनंतर दोनदा पुढे गेली. शेवटी तो दिवस आला. कारखान्यात फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, म्हणून पाळी सुटेपर्यंत काही कळणार नव्हतं. माझे तास संपले तरी मी घरी गेलो नाही. लायब्ररीच्या पायऱ्यांवर कापडी बुटांत बसून राहिलो. पाळी सुटायची वेळ झाली. अर्धा तास गेला. आईचे दोन फोन आले, "काही कळलं का?" म्हणून. मला वाटायला लागलं की गेटचंच काम मिळालं, आणि ते कसं सांगावं म्हणून बाबा फोन करत नाहीत.

मग फोन वाजला. नंबर बाबांचा, आवाज दुसऱ्याच कोणाचा. "हॅलो, टाचेचे डॉक्टर बोलून राहिले का?" मागे बसमधली माणसं हसत होती. "थांबा, तुमचा पेशंट देतो."

"बस लेट झाली आज," बाबा म्हणाले. "डॉक्टरनं दोनदा चालाले लावलं. या भिंतीपासून त्या भिंतीपरेंत. मंग चवड्यावर उभं केलं. मंग म्हणे, काही नाई, जा आपल्या मशीनवर."

मी विचारलं, "बूट मिळाले का यंदाचे?"

"आजच भेटले. पायातच हायेत."

"नंबर?"

बसचा हॉर्न वाजला, कोणीतरी काहीतरी ओरडलं, आणि मला वाटलं फोन कटला.

"आठ," बाबा म्हणाले.