पायलट घासायचा नाही

डॉ. दस्तगीर शिकलगार यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझे तोंड उघडे होते आणि मला बोलता येत नव्हते. अशी वेळ माझ्या आयुष्यात पुन्हा कधी आली नाही, असे माझे हितचिंतक सांगतात.

लक्ष्मीपुरीतल्या, घरालाच लागून असलेल्या त्यांच्या दवाखान्यात मी खुर्चीत आडवी होते. गालात कापूस होता आणि डोळ्यांसमोर छताला टांगलेले एक लाकडी लढाऊ विमान होते. दाढ उपटताना पेशंटला बघायला काहीतरी असावे म्हणून डॉक्टरांनी ते तिथे टांगले होते. डॉक्टर दाढ बघत होते, मी विमान बघत होते. कापूस निघताच मी म्हणाले, "त्याचा डावा पंख उजव्यापेक्षा खाली आहे."

डॉक्टरांनी वर पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि मोठ्याने हसले. "दाढ गेली, पर जीभ शाबूत हाय की, बाई! येत्या रविवारी सकाळी या. येताना पट्टी आणा."

मी तेव्हा हायस्कूलमध्ये गणित शिकवत होते. पट्टी घेऊन गेले, आणि पुढे कित्येक वर्षांचे रविवार तिथेच गेले.

हे सगळे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, डॉक्टरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या समितीने मला विषय दिला होता 'डॉक्टरांच्या घरचे आतिथ्य'. वर्कशॉपवाले यशवंतराव माने यांना 'विमानांची रचना', पेंटर सदाभाऊंना 'रंगकाम', आणि मला आतिथ्य! समितीत एकही बाई नाही, हे विषय वाचूनच कळते. मी त्या घरी पाहुणी म्हणून कधी गेले नाही, कामाला गेले. डॉक्टरांच्या पत्नी जुबेदाभाभी यांच्या हातच्या शिरखुर्म्याबद्दल माझ्याइतके प्रेमाने कोणी लिहू शकणार नाही, हे खरे. पण आमच्या प्रत्येक विमानाला शेवटचा पॉलिश पेपर भाभींनीच मारला आहे, कारण आमच्यात त्यांच्याइतका हलका हात कोणाचाच नव्हता. त्याबद्दल लिहायला समितीने कोणालाही सांगितलेले नाही. तेव्हा विषय मी माझ्या अधिकारात बदलला आहे. लेख पसंत पडला नाही तर समितीने तो छापू नये. मी डॉक्टरांना घरी जाऊन वाचून दाखवीन.

आमच्या मंडळाला नाव नव्हते. कोल्हापुरात चार माणसे एका जागी जमली की लोक त्याला तालीम म्हणतात, त्यामुळे गल्लीत आम्ही 'विमानवाली तालीम' होतो. पासष्टच्या लढाईनंतर 'नॅट' या छोट्या लढाऊ विमानाचे नाव शेंबड्या पोरांच्याही तोंडी झाले होते. ते विमान आपण हुबेहूब करायचे, इंचाला दोन फूट या मापाने, अशी डॉक्टरांची जिद्द होती. आज दुकानात तयार भागांची खोकी मिळतात म्हणे. आम्हाला खोकी मिळत ती देवदाराची, यंत्रे भरून आलेली, उद्यमनगरातल्या यशवंतरावांच्या वर्कशॉपमधून. त्यांच्या फळ्यांतून विमान निघे. बाकी सारे दवाखान्यातले. भेगा भरायला दातांचे प्लास्टर, कोरायला दातांच्या सळ्या, घासायला कवळी घासायचे यंत्र. पायलटच्या डोक्यावरची काच डॉक्टर कवळीच्या मालातून घडवत. पहिल्या खेपेला बिनरंगी माल संपला होता आणि डॉक्टरांना धीर नव्हता, म्हणून ती काच गुलाबी झाली. यशवंतराव म्हणाले, "डॉक्टर, विमानाला हिरड्या आल्यात!" पुढचे काही महिने ते विमान गुलाबी काचेनिशी दवाखान्यात उभे होते, आणि डॉक्टर प्रत्येक पेशंटला ते स्वतःहून दाखवत.

डॉक्टरांचे घराणे शिकलगारांचे, पिढ्यान्‌पिढ्या तलवारींना धार लावणाऱ्यांचे. आपण मात्र दातांवर भागवतो, असे ते म्हणत. त्यांच्या हाताबद्दल इतर लेखक लिहितीलच. मी त्यांच्या मनाबद्दल एक गोष्ट सांगते. माझ्या आईला त्यांनी कवळी करून दिली आणि बजावले, "आजी, ऊस खायचा न्हाय." आईने मान डोलावली आणि आठवड्याभरात ऊस खाऊन कवळी मोडली. डॉक्टरांनी ती न बोलता दुरुस्त केली. आईने पुन्हा मोडली. मी लाजेने अर्धी झाले. डॉक्टर मात्र संध्याकाळी घरी आले, एका हातात दुरुस्त कवळी आणि दुसऱ्या हातात रसवंतीवरून आणलेला रसाचा तांब्या. "आजी, ऊसच पायजे न्हवं? मग ह्यो घ्या, चावलेला." त्या हंगामात दवाखाना बंद केल्यावर रसाचा तांब्या घेऊन ते कितीदा तरी आमच्याकडे आले. आईने पुढे ऊस सोडला, तो डॉक्टरांच्या धाकाने नव्हे, त्यांच्या भिडेने.

आता मुख्य गोष्ट. गडहिंग्लजकडचे एक हवाई दलातले अधिकारी सुट्टीवर घरी यायचे होते. ते स्वतः नॅट चालवत. यशवंतरावांची त्यांच्या भावाशी ओळख होती. सुट्टीत त्यांनी शाळेत भरणाऱ्या आमच्या विमानांच्या प्रदर्शनाला यावे असे ठरले, आणि त्यांच्या भावाने एक निरोप दिला: त्यांच्या आई बरोबर येणार आहेत. मुलगा नेमका कशात बसून आभाळात जातो, हे त्या माउलीने कधीच पाहिलेले नव्हते. लढाई झाल्यापासून विमानाचा आवाज आला की त्या जेवणाच्या पानावरून उठत. त्यांना एकदा बघायचे होते.

डॉक्टरांनी हा निरोप ऐकला आणि हातातली सळी खाली ठेवली. मग म्हणाले, "पोरगं कसं बसतंय, किती जागेत बसतंय, ते आईला दिसलं पायजे. आत पायलट पायजे. मापातला."

प्रदर्शनासाठी चार विमाने तोवर कोरून झाली होती. डॉक्टरांनी मेणाचा पायलट केला. इतका सुबक की त्याच्या हातमोज्यांची बोटे मोजता येत. रविवारी आम्ही सगळे टेबलाभोवती उभे राहिलो आणि डॉक्टरांनी तो चिमट्याने विमानात ठेवला. तो बसेना. खांदे अडकले. डॉक्टरांनी सवयीने यंत्र उचलले आणि पायलटचे खांदे घासले. मग गुडघे अडकले. त्यांनी गुडघे घासले. पेशंटला कवळी रुतली की जसे थोडे थोडे घासत जातात, तसेच. थोड्या वेळाने पायलट आत गेला. सदाभाऊ म्हणाले, "फिट्ट!"

मी म्हणाले, "डॉक्टर, हा पायलट आहे की शाळेतलं पोर?"

"बसला न्हवं?"

"बसला. पण पायलट घासायचा नाही. तो मापाने केला होता. तो बसत नाही याचा अर्थ विमान चुकलंय."

मग सगळे एकदम बोलू लागले. यशवंतराव म्हणाले, "बाई, चार विमानं झाल्यात! सुट्टीवाला पावणा आता येतोय, आणि तुम्ही आता सांगताय?" सदाभाऊ म्हणाले, "काच बसवली की आतलं कोण बघतंय?" मी म्हणाले, "त्याची आई बघतेय." त्यावर यशवंतरावांनी जे म्हटले ते मी इतकी वर्षे जपून ठेवले आहे: "बायकांनी विमानात डोकं घातलं की आसंच व्हायचं."

आमच्या कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. भूमिती, आणि रागावल्यावर आवाज खाली आणणे. मी आवाज खाली आणला आणि ज्या फोटोवरून आम्ही माप काढले होते तो मागवला. विमानाशेजारी उभ्या माणसाची उंची साडेपाच फूट धरून आम्ही सगळे विमान मोजले होते. हा फोटो निवडला होता सदाभाऊंनी. ते सिनेमाची पोस्टर्स रंगवत, आणि या फोटोतला माणूस दिसायला देखणा होता. पण तो विमानाला खेटून उभा नव्हता. त्याची सावली आणि विमानाची सावली यांच्यामध्ये चांगले अंतर होते. तो कॅमेऱ्याच्या जवळ उभा होता, म्हणून मोठा दिसत होता, आणि विमान मागे, म्हणून लहान. दुसरा एक फोटो सदाभाऊंनी चेहरा पुसट म्हणून बाजूला टाकला होता. त्यात पायलटचा हात विमानाच्या नाकावर टेकलेला होता. माप घ्यायचे ते या फोटोवरून.

डॉक्टरांनी दोन्ही फोटो खिडकीपाशी नेले. पट्टी माझ्या हातातून घेतली. स्वतः मोजले, पुन्हा मोजले. आम्ही बघत राहिलो. या मंडळाचे प्रमुख ते, जागा त्यांची, हौस त्यांची, वयाने मोठे ते, आणि गावातले मानाचे डॉक्टर. फोटोवरून माप काढायची युक्तीही त्यांचीच. त्यांनी नुसते "राहू द्या" म्हटले असते तर विषय तिथेच संपला असता, आणि मी दुसऱ्या रविवारी गेले नसते.

ते परत आले, घासलेला पायलट चिमट्याने बाहेर काढला आणि तळहातावर घेऊन आम्हाला दाखवला. "तीस वर्षं लोकांना सांगतोय, कवळी माणसाला बसवायची, माणूस कवळीला न्हाय. आणि आज मीच माणूस घासला." मग यशवंतरावांकडे वळून म्हणाले, "यशवंता, फळ्या काढ. चारीच्या चारी नवीन. पायलट बी मी नवा करतो. माप बाई देतील, आणि बाईंनी पास केल्याबिगर कुणी रंगाचा ब्रश उचलायचा न्हाय. मी सुद्धा."

यशवंतराव पुटपुटले, "आता श्वास घ्यायचा तरी बाईंना इचारून."

"नाकाने घेणार असाल तर परवानगी आहे," मी म्हणाले. डॉक्टर इतके हसले की त्यांना खुर्चीत बसावे लागले, पेशंटच्या. शेवटी यशवंतरावही हसले. नंतरच्या दिवसांत सर्वांत जास्त राबले तेच, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. माझ्याकडून एक पंख त्यांना परत गेला, तेव्हा भाभी आतून म्हणाल्या, "माने, रडू नका. माझ्या चपात्या पण बाईंनी गोलाईसाठी नापास केल्यात." मी असे काही केले नव्हते. पण पंख दुरुस्त होऊन आला.

प्रदर्शन शाळेच्या हॉलमध्ये होते. अधिकारी साध्या कपड्यांत आले, अंगाने बारीक, मृदू बोलणारे. आई नऊवारीत, डोक्यावरून पदर. अधिकाऱ्यांनी एका विमानाभोवती फेरी मारली, खाली वाकले, काचेतून आत पाहिले आणि म्हणाले, "अव्वा, हे बघ. ह्यात मी बसतो."

आईंनी वाकून पाहिले. खूप वेळ पाहिले. मग विचारले, "पाय पसराय जागा न्हाय व्हय रं?"

"न्हाय, अव्वा."

"खांदं टेकत्यात की दोन्हीकडं."

"टेकत्यात. अगदी असंच हाय, बघ. एवढीच जागा."

त्यांनी बोटाने काचेला हळूच स्पर्श केला आणि म्हणाल्या, "मग पडायला तरी जागा न्हाय. घट्ट बसवलाय त्येला." आणि त्या हसल्या. त्यांच्या मुलाने तोंड फिरवले. विमानाच्या आवाजाने पानावरून उठणारी ती माउली त्या दिवशी आमच्याबरोबर बसून पोटभर जेवली.

अधिकाऱ्यांनी डॉक्टरांचे हात हातात घेतले आणि माप कोणी काढले असे विचारले. डॉक्टरांनी भरल्या हॉलमध्ये, हार गळ्यात असताना, मोठ्या आवाजात सांगितले, "माझं माप चुकलं हुतं, साहेब. बरोबर माप ह्या बाईंचं." नुसते "माप बाईंचं" म्हटले असते तरी चालले असते. पहिले वाक्य त्यांनी स्वतःहून घातले.

दुसऱ्या दिवशी एका स्थानिक वर्तमानपत्रात आले की, चहापानाची व्यवस्था भगिनींनी चोख ठेवली होती. मी तो अंक फाडला. डॉक्टर आपल्याकडचा अंक घेऊन त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत गेले आणि दुरुस्ती छापून येईपर्यंत रोज जात राहिले. दुरुस्ती आली, लहान अक्षरांत. या ग्रंथाच्या समितीने ती वाचली नसावी.

आपल्या गावात मोठी माणसे पुष्कळ आहेत. पण 'तुमचे चुकले' असे ज्यांना समोर सांगता येते, आणि सांगितल्यावर जी स्वतः पट्टी उचलून मोजतात, अशी मोठी माणसे मी फार थोडी पाहिली. डॉक्टरांच्या चारही विमानांपेक्षा मला त्यांनी तो घासलेला पायलट तळहातावर धरून आम्हा सर्वांना दाखवला, ती घडी जास्त मोलाची वाटते. त्यानंतर मी वर्गात फळ्यावर चुकले तर खोडून गप्प बसायचे सोडून दिले.

डॉक्टर आता पंचाहत्तर वर्षांचे झाले. हात थोडा कापतो, जिद्द तशीच आहे. परवा त्यांनी आणखी मोठे विमान करायचा बेत सांगितला, आणि त्यांनी काढलेले पहिलेच माप मला चुकीचे वाटते. ईश्वर त्यांना निरोगी, आनंदी आणि उदंड आयुष्य देवो. तसेच त्यांचे चुकलेले त्यांना सांगणाऱ्या माणसालाही देवो. मी माझ्यापुरती तब्येत सांभाळून आहे.