आलं का?

चाचा कोणाच्याही घरी आले की बिघडलेल्या वस्तूकडे आधी पाहतच नसत. चपला उंबऱ्याबाहेर काढायच्या, डावा डोळा मिटायचा, उजवा हात भिंतीकडे लांब करायचा आणि घरच्यांना विचारायचं, “मधात काय हाय?” नवा माणूस गोंधळून जायचा. मधात म्हणजे कशाच्या मधात? चाचांचं म्हणणं असं की यंत्र बिचारं सहसा बिघडत नाही, पाठवणारा आणि घेणारा यांच्या मधात काहीतरी येऊन बसतं. ते शोधायचं आणि बाजूला करायचं. मग दुसरा प्रश्न, तो छपरावरून, सगळ्या आळीला ऐकू जाईल असा: “आलं का?”

तुमच्याही गावात असा एखादा असेल. नसेल तर तुमचं गाव जरा कमनशिबी, असं मी बेधडक म्हणतो.

पांढरकवड्यात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. पाटीवर आधी ‘रेडिओ’ होतं, मग ‘टेप’ आलं, मग ‘टीव्ही’, आणि शेवटी ‘कॉम्प्युटर’. तोवर पाटी संपली, म्हणून ‘टर’ खालच्या ओळीत एकटंच बसलेलं. शर्टाच्या खिशात टेस्टर, चष्म्याच्या एका काडीला तांब्याची तार गुंडाळलेली. कॉम्प्युटर कुठे शिकलात असं कोणी विचारलं तर म्हणायचे, “उघडून.”

ॲन्टेनाच्या काळात गावातलं एकही छप्पर त्यांच्या पायाखालून सुटलं नव्हतं. आमच्या नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, आणि त्यांची दोस्ती तेव्हापासूनची. एकदा चाचा भर उन्हात आमच्या छपरावर पाइप फिरवत होते आणि खाली नाना टीव्हीसमोर. चित्रात मुंग्याच मुंग्या. पण बातम्या सुरू झाल्या होत्या आणि नानांना दम कुठला! “आलं का?” असं वरून आलं, आणि नाना म्हणाले, “आलं, आलं!” चाचांनी पाइप आवळला, खाली उतरले, टीव्ही पाहिला, नानांकडे पाहिलं आणि पुन्हा शिडी चढले. चढता चढता एवढंच बोलले, “खोटं ‘आलं’ नोको म्हणत जाऊ गा. माणूस मंग तिथंच थांबते.”

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे तीन वर्षांपूर्वीचे ते तीन दिवस. आठवले की आजही मला बसवत नाही.

माझी बायको साताऱ्याची. लग्नाआधी तिथे शाळेत शिकवायची आणि फार छान शिकवायची, असं तिची सगळी माहेरची माणसं सांगतात. इकडे आली आणि ते राहूनच गेलं. मी एसटी डेपोत कारकून, माझी नोकरी पक्की, त्यामुळे ‘बघू पुढे’ म्हणत बारा वर्षं गेली. आणि एका शुक्रवारी तिला निरोप आला. मुलांना घरबसल्या कॉम्प्युटरवर शिकवणाऱ्या एका शाळेला मराठीची शिक्षिका हवी होती. सोमवारी अकरा वाजता चाळीस मिनिटांचा नमुना तास घ्यायचा, समोर तीन परीक्षक. खाली एक ओळ होती: तास मध्येच तुटला तर पुन्हा संधी नाही.

आणि आमच्याकडे तास दहा मिनिटंही टिकत नव्हता. वायफायचा डबा बसवलेला पुढच्या खोलीत. ती खोली रस्त्यावर, हैदराबादकडे जाणारे ट्रक तिथूनच हॉर्न देत निघतात, वर नानांचा टीव्ही. शिकवायचं तर मागच्याच खोलीत. तिथला कॉम्प्युटर माझ्या कॉलेजच्या काळातला, त्याच्या पाठीत वायफाय पकडणारं बोटाएवढं यंत्र खोचलेलं. सरळ तार ओढावी तर तारेचं भोक मागच्या पावसाळ्यात वीज पडली तेव्हा जळालेलं. मोबाइलला रेंज छपरावर. डबा बसवणारा म्हणाला, बुधवारी येतो.

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “नाही जमलं तर नाही जमलं. आपलं काय अडलंय?”  त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात भांडी नेहमीपेक्षा मोठ्याने वाजली.

चाचांना बोलावलं नानांनी. शनिवारी सकाळी ते आले, चपला काढल्या, डोळा मिटला, हात लांब केला. “मधात काय हाय?” मधात काय नव्हतं? दोन जाड भिंती, लांबलचक बोळ आणि कॉम्प्युटरला चिकटून आमचं लोखंडी कपाट. चाचांनी वाकून मागे पाहिलं आणि ते बोटाएवढं यंत्र दिसल्यावर त्यांना इतकं वाईट वाटलं, की कोंडलेलं मांजर सापडल्यासारखं ते त्याच्याशी बोलायला लागले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “याले कपाटामागं काहून कोंडलं बाबू? याले मोकळं करा लागते. उंचावर न्या लागते.”

उंच म्हटलं की चाचांच्या अंगात पंचविशी यायची. त्यांनी दुकानातून यूएसबीच्या तीन लांब तारा आणल्या, एकीच्या शेपटीत दुसरीचं तोंड खोचलं, खिडकीतून छपरावर नेल्या आणि आमच्या जुन्या ॲन्टेनाच्या पाइपाला ते यंत्र पिशवी घालून बांधलं. वायफाय घरात आणि पकडणारा छपरावर! मला शंका आली होती, पण छपरावर चाचा असताना शंका काढायची आमच्या गावात पद्धत नाही. मी शिडी धरून उभा राहिलो. कॉम्प्युटरसमोर बायकोला बसवलं होतं, पण चाचांसाठी चहा टाकायला ती नेमकी उठून स्वयंपाकघरात गेली होती.

वरून हाक आली, “आलं का?”

आता इथे साताऱ्याचा आणि वऱ्हाडाचा घोटाळा आहे. आमच्याकडे चहात घालतात ते अद्रक. तिच्याकडे त्याच वस्तूला म्हणतात आलं. तिने खिडकीतून तेवढ्याच मोठ्याने उत्तर दिलं, “आहे, आहे! भरपूर आहे!”

चाचांचा चेहरा असा फुलला, की काय सांगू. भरपूर आहे! त्यांनी पाइपाला सात वेढे दिले, टोपी सारखी केली आणि मिरवणुकीतून उतरावं तसे खाली आले. कॉम्प्युटरवर पाहतात तर ‘उपकरण ओळखू येत नाही’ अशी पाटी. वायफाय सोडाच, यंत्र लावलेलंच त्याला कळत नव्हतं. मग बायको चहा घेऊन आली, आल्याचा वास आला आणि सगळा उलगडा झाला. नाना हसता हसता खोकायला लागले. मीही हसलो. बायकोही हसायला लागली आणि मग मध्येच तिचे डोळे भरले.

हसले नाहीत ते फक्त चाचा. ती बारीकशी पाटी वाचत राहिले. चहा अर्धा ठेवून तारा गुंडाळल्या आणि जाताना तिला म्हणाले, “सूनबाई, तुयं काही चुकलं नाई. चुकलो मी. उद्या येतो.” इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ‘चुकलो’ मी पहिल्यांदा ऐकलं. ते ऐकून मला वाटलं, संपलं.

रविवारी सकाळी मी दात घासत होतो तोच दारात चाचा. दाढी वाढलेली, पण डोळे असे चमकत होते, की मी चूळ भरायची विसरलो. चपला काढायचंही भान नव्हतं. “बाबू, टीव्हीच्या तारेतून नुसतं चित्र येते. या तारेतून चित्रबी येते आन् त्या यंत्राचं जेवणबी जाते! तार लंबी केली, तं जेवण रस्त्यातच सांडलं. उपाशी पोरगं काय काम करन?” आदल्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं ओढून त्यांनी एकेक तार कमी करून पाहिली होती. एका तारेवर यंत्र तरतरीत चालत होतं. म्हणजे एकच तार, आणि तिच्या टप्प्यात जेवढी जागा येते तेवढ्यातच चांगली जागा शोधायची. छपराचा नाद त्यांनी सोडून दिला, आणि त्यांच्यासाठी ती काही लहान गोष्ट नव्हती.

मग सुरू झाली शोधाशोध. चाचांच्या हातात तारेच्या टोकाला ते यंत्र, बायको पडद्यासमोर, आणि ती एक इंचही हलणार नाही अशी शपथ घेऊन बसलेली. कपाटावर, “आलं का?” “नाही.” खिडकीत, “आलं का?” “एक काडी.” पलंगावर चढून, “आलं का?” “गेलं.” शेवटी दारावरच्या झरोक्यापाशी हात गेला आणि ती ओरडली, “तीन काड्या!” झरोक्यातून सरळ बोळ दिसत होता, बोळाच्या टोकाला पुढच्या खोलीचं दार, आणि दारातून तो डबा. मधात काही नाही.

चाचा स्टुलावरून उतरले, जरा विचार केला आणि म्हणाले, “सूनबाई, तुयी पिठाची चाळणी आण बरं. जाळीची.” ती चाळणी तिच्या आईने साताऱ्याहून दिलेली होती, तिला माझाही हात लागू द्यायची नाही. पण त्या दिवशी मुकाट्याने आणून दिली. चाचांनी तिच्या मधोमध सुतळीने यंत्र बांधलं, झरोक्यात डब्याकडे तोंड करून चाळणी डिश ॲन्टेनासारखी टांगली, आणि या वेळी अगदी हळू विचारलं, “आलं का?”

तिने पडद्याजवळ तोंड नेऊन दोनदा मोजलं. मग म्हणाली, “चाचा, सगळ्या काड्या भरल्या.” नानांनी पुढच्या खोलीतून टाळ्या वाजवल्या. खरं-खोटं पाहायला चाचा स्वतः जाऊन पडदा पाहून आले.

सोमवारी अकराला पाच कमी असताना चाचा हजर. बोळात खुर्ची टाकून बसले आणि नानांना ताकीद दिली की चाळीस मिनिटं इकडे फिरकायचं नाही. टीव्हीही बंद. तास सुरू झाला. आतून तिचा आवाज यायला लागला आणि मी थक्क झालो. हा आवाज माझ्या घरात बारा वर्षं होता आणि मी तो ऐकला नव्हता. मोकळा, हसरा, मध्येच थांबून समोरच्यांना विचार करायला लावणारा. मला राहवलं नाही. मी जाऊन दारात उभा राहिलो.

दोन-तीन मिनिटं झाली असतील. तिचा आवाज अडखळला. पडद्यावरचे परीक्षक तोंड उघडून गोठले, काड्या एकेक करून उतरायला लागल्या. तिने वळून पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरची ती भीती मी अजून विसरलेलो नाही. चाचा खुर्चीतून ताडकन उठले, वर चाळणीकडे पाहिलं, खाली माझ्याकडे पाहिलं आणि माझा दंड धरला.

“बाजूला हो, बाबू. तूच मधात येऊन राह्यला.”

उंचीने मी जरा जास्तच आहे आणि आमचं दार जुनं, बुटकं, त्यामुळे डोकं झरोक्याला लागतं. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. परीक्षक हलायला लागले, तिने तुटलेलं वाक्य जिथल्या तिथे उचललं आणि तास पूर्ण केला. चाचा काही लावून बोलले नव्हते, ते रेंजबद्दलच बोलत होते. पण मला जे लागायचं ते लागलं. बरं झालं लागलं.

नोकरी लागली हे आता वेगळं सांगायला नको. फोन आला त्या दिवशी चाचांनी चहा पूर्ण प्यायला आणि कप खाली ठेवून म्हणाले, “आलं चांगलं हाय.” अद्रक नाही, आलं. तिला इतका आनंद नोकरीच्या फोननेही झाला नव्हता.

मागच्या हिवाळ्यात चाचा गेले. दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. आमच्याकडे नवा कॉम्प्युटर आला, त्याला वेगळं यंत्र लागत नाही, नवा डबाही तिच्या खोलीतच बसवला. पण झरोक्यातली चाळणी तिने काढू दिली नाही. पिठाला दुसरी आणली.

रोज सकाळी ती तास उघडते. कुठकुठल्या गावांतली मुलं एकेक चौकोनात येऊन बसतात. ‘माझा आवाज ऐकू येतोय का’ असं काही ती विचारत नाही. ती मोठ्याने विचारते, “आलं का?” आणि सगळ्या चौकोनांतून एकदम उत्तर येतं, “आलं!”

मी तेव्हा डेपोत जायला बोळातून निघत असतो. काही गरज उरलेली नाही, तरी त्या दारापाशी आलो की भिंतीला चिकटून, डोकं खाली घालून जातो.