बिनजिनचा टॉम कॉलिन्स

माझे बाबा दारू पीत नसत, कॉकटेल पीत. निदान ते स्वतः तसं सांगत. मंडल ऑफिसातल्या, म्हणजे तहसील कचेरीतल्या, नोकरीत कधीतरी ते हैदराबादला ट्रेनिंगला गेले होते. तिथल्या कुणा साहेबानं त्यांना टॉम कॉलिन्स करायला शिकवलं: उंच ग्लासात जिन, लिंबाचा रस, साखरेचा पाक, बर्फ आणि वरून सोडा. तेव्हापासून आदिलाबादच्या आमच्या घराच्या ओसरीवर रोज संध्याकाळी हा सोहळा चाले. आंध्र राज्यात दारूबंदी आली तेव्हाही तो थांबला नाही. पैनगंगेपलीकडे महाराष्ट्र होताच.

मग कावीळ झाली. निर्मल गावच्या डॉक्टरांनी बाबांचं पोट दाबून पाहिलं आणि ते आईकडे वळून म्हणाले, "ओक्क चुक्क कूडा वद्दम्मा." एक थेंबसुद्धा नको. लिव्हर कामातून गेलंय, पुन्हा प्यायले तर जीव जाईल, हेही त्यांनी तिथेच, बाबांच्या समोर सांगितलं.

डॉक्टरांचं ऐकणं सोपं होतं, संध्याकाळ निभावणं अवघड. ऊन उतरलं की बाबा ओसरीवर येऊन बसत. हात थरथरत असत आणि नजर कुठेच ठरत नसे. शेवटी आईनं ठरवलं की तेच कॉकटेल करायचं, फक्त जिन नाही घालायची. लिंबू घरात होतं, गोळी सोडा कोपऱ्यावर मिळत होता. बाबांनी घोट घेतला आणि अर्जावर शेरा मारावा तसे म्हणाले, "नामंजूर. टायफॉइडच्या पेशंटचं सरबत हाय हे."

आलं घातलं, नामंजूर. पुदिना, जिरं, काळं मीठ, सगळं नामंजूर. माझ्या अंगाचा तिळपापड होई. जिवावर बेतलंय आणि यांचे नखरे संपत नाहीत! आई मात्र हट्टाला पेटली होती. "वासच न्हाई त्याले," ती म्हणाली. "वास पायजे."

वास तिच्या माहेरी होता. बाजारहत्नूरकडच्या तिच्या गावात मोहाची वाळलेली फुलं घरोघरी असत. ती भिजवून भाकरीत घालत, कुटून पोरांना लाडू करत. तिच्या लेखी मोह म्हणजे खाऊ, आणि दारू म्हणजे भट्टीतून थेंबथेंब गळते ती. मी तेव्हा बी.एस्सी. करत होते. मी शंका काढलीच.

"चुलीवर चढवल्याबिगर दारू होते काय?" आई म्हणाली. "आमी लहानपनी मुठी-मुठीनं खाल्ला मोह. शिकून शानी झाली तू."

तिनं मडक्यात गुळाचं पाणी केलं, फुलं टाकली, तोंडाला फडकं बांधलं आणि मडकं माठाच्या बाजूला ठेवलं. रोज त्यातलं वाटीभर पाणी ग्लासात जाई आणि मडक्यात तेवढंच गुळाचं पाणी पडे. बाहेर वैशाख तापला होता.

एका संध्याकाळी बाबा म्हणाले, "मंजूर."

आईचा चेहरा असा उजळला की मलाही हसू आलं. बाबांचा हात स्थिर झाला. ते ऑफिसच्या गमती सांगू लागले, आईची थट्टा करू लागले, दुसरा ग्लास मागू लागले. आम्हाला वाटलं, माणूस उठला.

मग एका दुपारी उन्हानं जीव कासावीस झाला म्हणून मीच त्यातलं थोडं बर्फ घालून घेतलं. जीभ चुरचुरली, कान गरम झाले. फडकं सोडून पाहिलं तर मडक्यात फेस चढला होता आणि बारीक बुडबुडे फुटत होते. मी आईला हाक मारली. तिनं चाखलं, पुन्हा चाखलं, आणि ती ओरडली, "ही त दारू झाली वं!" आवाज ऐकून बाबा दारात येऊन उभे राहिले.

"तुमाले कळलं न्हाई?" आईनं विचारलं.

"कळलं. चव बदलली त्याच दिवशी."

"मंग बोलले काऊन न्हाई?"

"बोललो असतो तर तू बंद केलं असतं."

आईनं मडकं मोरीत रिकामं केलं. त्या संध्याकाळी तिनं उंच ग्लासात नुसता लिंबू-सोडा आणून दिला. बाबा तो हातात धरून बसले, बर्फ वितळेपर्यंत. मग नेहमी शेरा मारल्यासारखा बोलणारा तो माणूस हलक्या आवाजात म्हणाला, "फुलं उरली असतीन ना वं थोडी?"

उरली होती, फडताळात डबाभर. आई "न्हाई" म्हणाली आणि आत आली. मला बाबांची चीड आली होती आणि दयाही येत होती, आणि दोन्हींचा काही उपयोग नव्हता.

पुढच्या वर्षी मोह गळायच्या आत बाबा गेले. आधीच फार उशीर झाला होता, असं डॉक्टर म्हणाले. आईला ते पटलेलं नाही. अजूनही लिंबू पिळता पिळता तिचा हात थांबतो आणि ती विचारते, "माह्याच हातानं झालं का वं ते?"

मी नाही म्हणते. दर वेळी नाही म्हणते.

"पन किती हासले वं तुहे बाबा त्या दिवसांत," ती म्हणते. मग पुन्हा लिंबू पिळू लागते.