मृणालचा प्लम सॉस

नेदरलँड्समधल्या बेस्ट गावातल्या आमच्या मराठी ग्रुपमध्ये किस्से साठतात ते मुख्यतः मृणालमुळे. ती एखादी गोष्ट मनावर घेते आणि आम्हाला पुढे कितीतरी दिवस बोलायला विषय मिळतो.

प्लम सॉसचंच घ्या. गावातल्या चायनीज रेस्टॉरंटमध्ये स्प्रिंग रोलबरोबर घरचा आंबटगोड प्लम सॉस मिळायचा. एकदा तो निराळाच लागला. मालकीण लिनबाई म्हणाल्या, सॉस नवरा करायचा, आता त्याचे हात थरथरतात, म्हणून आम्ही विकतचा आणतो. मृणाल पुण्यात लोणच्यांच्या कंपनीत चव तपासायची. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आली आणि घरी बसली. तिने तिथेच सांगून टाकलं, "मी करून आणते."

*

पहिल्या खेपेला तिने गूळ घातला. लिनबाईंनी चमचा चाटला आणि नाही म्हणाल्या. घरी मृणालच्या नवऱ्याने समजूत काढली, पोळीबरोबर मस्त लागतोय की!

"मला पोळीबरोबर मस्त नकोय," मृणाल म्हणाली आणि पातेलं घासायला घेतलं.

*

सुपरमार्केटमधले प्लम नुसतेच गोड. शेजारच्या डच आजोबांकडे झाड होतं, म्हणून ती कच्चे प्लम मागायला गेली. आजोबांना वाटलं, हिचं डच कच्चं आहे. त्यांनी पिकलेला प्लम हातात धरून 'पिकलेला' हा शब्द तिच्याकडून नीट म्हणून घेतला. मृणालने तो म्हटला, मग फांदीवरचा हिरवा प्लम तोडून त्यांच्यादेखत करकरून खाल्ला.

आजोबा मुकाट्याने शिडी घेऊन आले.

*

तिच्या लेकीला, आर्याला, शाळेत विचारलं, आई काय करते? आर्याने डचमध्ये सांगितलं, "आई प्लम शिजवते आणि एक बाई तिला नाही म्हणते." टीचरने काळजीने फोन केला, घरी सगळं ठीक आहे ना?

"ठीक आहे," मृणाल म्हणाली. "त्या अजून हो म्हणाल्या नाहीत, एवढंच."

*

मग एका शनिवारी ती मलाही बरोबर घेऊन गेली. आता सॉसमध्ये आलं होतं, चक्रीफूल होतं, आजोबांचे आंबट प्लम होते. लिनबाईंनी चमचा चाटला. नाही म्हणाल्या नाहीत, हो पण म्हणाल्या नाहीत. आत जाऊन नवऱ्याला घेऊन आल्या आणि स्वतःच्या हाताने त्याला चमचा भरवला.

म्हाताऱ्याने डोळे मिटले. उघडले तेव्हा तो बायकोवर चिनी भाषेत चांगलाच तापला. मृणालने हळूच बाटलीचं झाकण लावायला घेतलं. काय म्हणताहेत, असं मीच भीत भीत विचारलं.

लिनबाई म्हणाल्या, "विचारतोय, माझ्या किचनमध्ये कोणाला शिरू दिलंस?"