ऑगस्टच्या आधी आलेली तांबडी गाडी

तो आठवडा मी आजही विसरलेलो नाही. नोकरीत घरफोड्या पाहिल्या, मारामाऱ्या पाहिल्या, गोदीतला चोरटा मालही पकडला. पण कुठली केस लक्षात राहिली असं कुणी विचारलं, तर मला जुलैअखेरची ती तांबडी गाडीच आठवते. कुणाचं नाव इथे लिहीत नाही. ती माणसं सज्जन होती आणि त्यांना ओळखणारी माणसं अजून आहेत.

मी मूळचा तालुक्याच्या गावचा. नगरपालिकेच्या शाळेत शिकलो. वडील कचेरीत शिपाई होते, घरातला पहिला पदवीधर मी. पत्नी नर्स म्हणून इंग्लंडात साउथहॅम्प्टनला आली, तिच्यामागून मी आलो आणि इथल्या पोलिसांत भरती झालो. परक्या मुलखाने माझ्या अंगावर गणवेश चढवला, याबद्दल मी कायम कृतज्ञ राहिलो. १९८८ साली मी एका उपनगरातल्या ठाण्यात सार्जंट होतो.

तेव्हाची इथली एक पद्धत आधी सांगायला हवी. गाडीच्या नंबराच्या सुरुवातीचं अक्षर दर वर्षी एक ऑगस्टला बदलायचं. त्या वर्षी 'ई' संपून 'एफ' सुरू होणार होतं. अक्षरावरून गाडीचं वय शेंबड्या पोरालाही कळायचं. जुलैत घेतलेली गाडी चार दिवसांत गेल्या वर्षीची ठरायची. त्यामुळे मे उजाडला की लोक एकमेकांना म्हणायचे, "आता घेऊ नकोस, ऑगस्टपर्यंत थांब." जुलैत शोरूममध्ये विक्रेते जांभया देत बसलेले असायचे आणि मागच्या आवारात नव्या गाड्या दाटीवाटीने उभ्या असायच्या. एक ऑगस्टला सकाळी सगळ्या एकदम रस्त्यावर. तो इथला एक सणच होता म्हणा.

आवारात अशा गाड्या उभ्या असल्या की चोरांचंही लक्ष जातं. त्या आठवड्यात शेजारच्या गावातून दोन नव्या गाड्या गेल्या होत्या आणि सकाळच्या हजेरीला आमच्या इन्स्पेक्टरांनी तशी सूचना वाचून दाखवली होती.

अठ्ठावीस जुलैला, गुरुवारी, सकाळी आठच्या सुमारास ठाण्याचा फोन वाजला. बोलणारा गोदीतला निवृत्त क्रेनचालक होता.

"सार्जंट, मी एफ पाहिली."

"कसली एफ?"

"गाडी. एफ नंबरची. आज जुलैची अठ्ठावीस तारीख आहे, तुमच्या भिंतीवर कॅलेंडर असेल."

आवाजात राग होता. त्याची स्वतःची गाडी सोमवारी, एक तारखेला यायची होती. तीन महिने तो थांबला होता. सकाळी साडेसहाला तो बसथांब्यावर उभा असताना एक तांबडी, कोरी गाडी त्याच्यासमोर येऊन थांबली.

"दार उघडलं नाही, बोलला नाही. पाच-सहा सेकंद आरशात पाहिलं आणि निघून गेला. पुढच्या थांब्यावर परत थांबला. मी पाहत होतो ना. हा माणूस काहीतरी हेरत होता."

"दिसायला कसा होता?"

"म्हातारा. बोटीवरच्या आचाऱ्यासारखी पांढरी टोपी, पण चपटी, पुढे टोक असलेली. आणि वळताना खिडकीतून हात काढून दाखवला. अख्खा हात, सार्जंट. माझ्या वडिलांनंतर असा हात मी कुणाचा पाहिला नव्हता."

माझं पेन जागच्या जागी थांबलं. अशी टोपी माझ्या गावात निम्म्या डोक्यांवर होती.

नंबर त्याने वर्तमानपत्राच्या कडेला टिपला होता. संगणकावर तो सापडेना, कारण एक तारखेआधी त्याची नोंदच होत नव्हती. मी इन्स्पेक्टरांना सांगितलं, "हा माणूस बहुधा माझ्या भाषेचा असावा. केस दुसऱ्याला द्यायची तर द्या."

ते म्हणाले, "दुसऱ्या कुणाला द्यायची? त्याच्याशी बोलणार कोण? जा, पण कागद चोख हवा."

पोलिसाने माहिती कुणाकडे मागावी, हे मी तोवर शिकलो होतो. रस्त्यावर रोज ठरावीक वेळी जाणाऱ्याकडे. मी त्या मार्गावरच्या बसचालकाला थांबवलं आणि टोपीचं वर्णन केलं. तो हसला.

"तो माझा मित्र आहे. जूनपासून रोज येतो, पुढच्या सीटवर बसतो. भाषा कळत नाही, पण माझा गिअर चुकला की मान हलवतो. टेकडीवरच्या थांब्याला उतरतो, उजवीकडची गल्ली."

संध्याकाळी त्या गल्लीत शिरलो. पाचव्या घराच्या दारावर आंब्याच्या पानांचं प्लास्टिकचं तोरण होतं. दार उघडलं ते सहा फुटी, पस्तिशीच्या माणसाने. हॉस्पिटलात हाडांचा डॉक्टर. मागे खुर्चीवर पांढऱ्या टोपीतले वडील बसले होते, पाय जेमतेम जमिनीला टेकलेले.

मी मराठीत म्हणालो, "नमस्कार. ठाण्यातून आलोय. तांबडी गाडी बघायची आहे."

डॉक्टरांचा चेहरा आधी खुलला आणि मग पार उतरला. गाडी गॅरेजमध्ये होती, वरून चादर घातलेली. कागद त्यांनी भराभर आणून दिले. सगळे खरे होते. शोरूमच्या आवारात जागा उरली नव्हती, म्हणून ज्यांच्या घरी गॅरेज होतं त्यांच्याकडे गाड्या बुधवारीच मोठ्या ट्रकवरून पोचवल्या होत्या. नंबरपाट्या तपकिरी कागदात गुंडाळून डिकीत. अट एकच, सोमवारपर्यंत गाडी हलवायची नाही. मी शोरूमला फोन लावला, त्यांनी तेच सांगितलं. म्हणजे चोरी नव्हती. पण पाट्या आता डिकीत नव्हत्या, गाडीवर होत्या. आणि विमा सोमवारपासून सुरू होणार होता.

"आज सकाळी गाडी कुणी चालवली?"

"मी," डॉक्टर म्हणाले. "अहो सार्जंट, इट वॉज मी. लिहून घ्या. फुल रिस्पॉन्सिबिलिटी माझी."

"साहेब, गाडी मी काढली," खुर्चीवरून आवाज आला. "ह्यो खोटं बोलतोय."

"अण्णा, प्लीज, तुम्ही मध्ये बोलू नका."

"तू मला शिकीव. पंचवीस वर्षं एस.टी. चालवलीय. तुझ्या जन्माच्या आधीपासून पोलिसांशी बोलतोय."

मी दोघांनाही वही दाखवली आणि म्हणालो, उद्या दहा वाजता ठाण्यात या, वेगवेगळे जबाब होतील.

इन्स्पेक्टरांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हातारा इथे किती दिवस आहे?"

"शनिवारी विमान आहे. बायकोचं वर्षश्राद्ध आहे, पुढच्याच आठवड्यात."

"ते पुढे ढकलता येतं का?"

"नाही. तिथी असते ती. तुमच्या एक ऑगस्टसारखीच, कुणासाठी हलत नाही."

ते टेबलावर बोटं वाजवत बसले. मग म्हणाले, "हे बघा. माणूस देश सोडून जाणार असेल तर समन्स पाठवून उपयोग नाही. एकतर सोमवारी त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, नाहीतर उद्या खरी कबुली घेऊन, ताकीद देऊन फाइल बंद करायची. पण ताकीद मी एकालाच देऊ शकतो, आणि ज्याने केलं त्यालाच. दोन जण कबूल करतायत म्हणजे माझ्याकडे एकही कबुली नाही. उद्या दुपारपर्यंत एक आणा."

म्हणजे गंमत अशी, की मुलगा वडिलांना वाचवायला जे खोटं बोलत होता, त्याच खोट्यामुळे वडिलांचं विमान चुकणार होतं, आणि विमानापाठोपाठ आईचं श्राद्धही.

शुक्रवारी आधी डॉक्टरांना आत घेतलं. ते शिकलेले, विचार करून बोलणारे. कुठल्या रस्त्याने गेलो, किती वाजता निघालो, सगळं पाठ करून आले होते. शिकलेला माणूस खोटं बोलताना वाक्यं फार नीट बांधतो, हे मी बऱ्याच वेळा पाहिलं आहे.

"वाटेत कुठे थांबलात?"

"नाही. नॉनस्टॉप."

मी वही मिटली. त्यांना घेऊन परत गल्लीत गेलो, गॅरेज उघडायला लावलं. गाडीला काल संध्याकाळपासून कुणी हात लावला नव्हता, किल्ली मी तेव्हाच ठाण्यात नेली होती.

"डॉक्टर, जरा आत बसून दाखवा."

ते वाकून आत शिरले. सीट स्टिअरिंगच्या इतकी जवळ ओढलेली होती, की त्यांचे गुडघे हनुवटीपाशी आले. पाय पेडलवर न्यायला जागाच उरली नाही. ते तसेच अडकून बसले, मी बाहेर उभा. थोड्या वेळाने मला हसू आलं आणि मग त्यांनाही आलं. पण हसता हसता त्यांचा आवाज फिरला.

"काय सांगू तुम्हाला. ते मेमध्ये आले तेव्हाच मी गाडी घेणार होतो. हॉस्पिटलात सगळे म्हणाले, डोन्ट बी सिली, ऑगस्टपर्यंत थांब, नाहीतर दोन महिन्यांत जुनी होईल. मी थांबलो. माझी जुनी गाडी सकाळी सुरू व्हायची नाही, अण्णा मागून धक्का मारायचे. एकाहत्तर वर्षांचा माणूस. आय वॉज वेटिंग फॉर अ लेटर, सार्जंट. एका अक्षरासाठी."

मी त्यांना बाहेर यायला मदत केली. म्हणालो, "तुम्ही कबुली मागे घ्या. तरच ते उद्या जातील."

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

अण्णांचा जबाब सोपा होता. ते खुर्चीच्या कडेला ताठ बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि विचारायच्या आतच सुरू झाले.

"सोमवारी गाडी रस्त्यावर येणार, आन मी शनिवारी विमानात. पोरानं घेतलेली पहिली कोरी गाडी. ती काय चादरीखाली बघून जायची? हा सकाळी सहालाच ड्युटीवर गेला. मी पाट्या बसवल्या आन काढली."

"पाट्या कशाला बसवल्या? त्या अक्षरामुळेच तर सापडलात."

ते माझ्याकडे पाहत राहिले, जणू मी काहीतरी भलतंच बोललो. "बिनपाटीची गाडी आगाराबाहेर काढायची? पंचवीस वर्षांत नाही काढली, साहेब."

"कुठे गेलात?"

"ती बस जाते तिथं. शेवटच्या थांब्यापर्यंत आन परत. दुसरा रस्ता मला कुठं ठावं हाय."

"आणि प्रत्येक थांब्याला थांबलात."

ते पहिल्यांदा ओशाळले. "थांबा आला की पाय आपोआप ब्रेकवर जातो. माणूस उभा दिसला की तर जातोच."

"मग निघालात कसे? कंडक्टर तर नव्हता."

"मनातल्या मनात डबल बेल दिली."

मी हा जबाब इंग्रजीत लिहिला. डबल बेल कशी लिहावी यावर बराच वेळ अडलो. शेवटी सरळ लिहिलं: वाहन चालवणाऱ्याने पुढे जाण्याची परवानगी स्वतःच स्वतःला दिली. इन्स्पेक्टरांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं. मग अण्णांना उभं करून गंभीरपणे ताकीद दिली. मी ती मराठीत सांगितली. अण्णांनी मान खाली घालून ऐकून घेतली आणि शेवटी इन्स्पेक्टरांना हात जोडले. क्रेनचालकाला मीच फोन करून कळवलं. तो म्हणाला, "म्हणजे बसचा ड्रायव्हर? मग मला आत का घेतलं नाही? अर्धा तास उभा होतो."

पाट्या काढून कागदात गुंडाळल्या गेल्या. शनिवारी अण्णा जुन्याच गाडीतून विमानतळावर गेले. ती त्या दिवशी पहिल्या फटक्यात सुरू झाली, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

सोमवारी, एक ऑगस्टला, मी सकाळी मुद्दाम चालत ठाण्याकडे निघालो. रस्त्याने एकामागून एक एफ जात होत्या. बसथांब्यापाशी पोचलो तोच तांबडी गाडी हळूहळू आली, इंडिकेटर दिला आणि अगदी थांब्याला लागून उभी राहिली. डॉक्टर एकटेच होते. शेजारची सीट रिकामी होती. टेकडीवरच्या थांब्यावरही ते असेच थांबून आले असणार, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांनी काच खाली केली. मी हाताच्या बोटांनी टपावर दोनदा वाजवलं. टक टक. त्यांनी मान हलवली आणि गाडी पुढे काढली, पुढच्या थांब्याकडे.

या केसने मला काय शिकवलं, ते लिहायला मला थोडा संकोच वाटतो, कारण ते पोलिसी कामाबद्दल नाही. माझे वडील तेव्हा हयात होते. मी त्यांना दर पत्रात लिहायचो, इन्स्पेक्टर झालो की तुम्हाला बोलावतो, मोठं घर घेतलं की बोलावतो. ज्या माणसाने दुसऱ्यांच्या फायली वाहून मला कॉलेजात घातलं, त्याला मी योग्य वेळेची वाट पाहायला लावली होती. आणि ती योग्य वेळ माझ्याशिवाय कुणी ठरवलेली नव्हती. त्याच संध्याकाळी मी पत्र लिहिलं: तिकीट पाठवतोय. बढती झालेली नाही, घर लहान आहे, गाडी जुनी आहे. या.

ते जानेवारीत आले, ऐन थंडीत, दोन स्वेटर घालून. आमच्या गाडीवर 'बी' होतं, चार वर्षांपूर्वीचं. त्याचा अर्थ मी त्यांना सांगितला नाही आणि त्यांनी विचारलाही नाही. विमानतळापासून घरापर्यंत ते पुढच्या सीटवर बसून काच थोडी खाली करत होते, गार वारा आला की वर करत होते, आणि पुन्हा खाली करत होते.