रविवारचं पाणी

नसत्या चौकशा करायची मला खोडच आहे. कन्हेरी गावात सून म्हणून आले तरी ती गेली नाही. आमची विहीर तिघा भावांत सामाईक. माझे सासरे, आबा, त्यांतले थोरले. कुणाच्या पाळीला कुठला वार, यावरून कायम कुरबुर. म्हणून सगळ्यांना मोबाईलवर दिसेल असं पाळ्यांचं वेबपान करायचं मी अंगावर घेतलं. तेवढ्यात आबांच्या धाकट्या भावानं, तात्यांनी, उसाची नवी लागण केली आणि ते म्हणाले, "रविवार रिकामाच हाय, मला द्या की."

"पोरीचं पान हू द्या. त्यात दिसंल तसं करू," आबांनी सांगून टाकलं. म्हणजे पानावर रविवार रिकामा दिसला की तो तात्यांचा.

मी लॅपटॉपवर टाइपस्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा बसवायला घेतली. तिचा कंपायलर आपण लिहिलेलं आधी तपासतो, मगच ते ब्राउझरकडे जातं. पहिल्यांदा नाव टाइप करून हाक मारली तर ओळखच दाखवेना. स्क्रीनवरची खिडकी बंद करून पुन्हा उघडली, तेव्हा स्वारी हजर! सेटिंगमध्ये 'स्ट्रिक्ट', म्हणजे कडक तपासणी, असं एक कलम होतं. चालू ठेवू, बघू तरी काय करतो ते.

सहा वारांपुढची नावं बिनबोभाट गेली. रविवार रिकामा सोडला, तर तिथं लाल ओळ आली: इथं नाव नसूही शकतं. स्ट्रिक्ट बंद केलं असतं तर ओळ गेली असती. पण हा बाबा नेमका रविवारीच का अडतोय, ते कळल्याशिवाय मला चैन पडेना.

गोठ्यात जाऊन आबांना विचारलं, "पान विचारतंय, रविवार कुणाचा?"

"ज्याच्या पाळीत लाईट जाऊन मोटर बंद पडली त्याचा."

"आणि आठवडाभर कुणाचीच गेली नाही तर?"

आबांचा वैरण टाकणारा हात थांबला. "असं हुतंय कवा? पर झालंच, तर माळव्याला. तुमा बायकांचं पाणी ते. हीर खांदली तवाच ठरलंय."

मला आधी राग आला आणि मग फार आनंद झाला. लग्न झाल्यापासून त्या माळव्याच्या वाफ्यातली वांगी-मेथी मी तोडत होते, पण तिथलं पाणी आपल्या हक्काचं आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. एवढी चौकस मी, मलाही विचारायचं सुचलं नव्हतं.

रविवारपुढे लिहिलं: लाईट गेलेल्याचा, नाहीतर माळव्याचा. कंपायलर एक अक्षर बोलला नाही. त्याचं न बोलणं म्हणजे पसंती.

त्या आठवड्यात नवल घडलं, लाईट एकदाही गेली नाही. रविवारी विहिरीवर तात्यांनी माझा फोन हातात घेतला आणि रविवारपुढची ओळ मोठ्यानं वाचली.

"हे फोननं ठरीवलं व्हय?"

"न्हाय. त्यानं नुसतं इचारलं," आबा म्हणाले.

तात्या काही बोलायच्या आत त्यांच्या बायकोनं, काकींनी, पदर खोचला आणि पाणी वळवायला भिंतीला टेकवलेलं खोरं उचललं.

"चल गं पोरी," त्या मला म्हणाल्या, "माळव्याची दारं धराया."